जुन्या महामार्गाची विकिपीडियावर ससंदर्भ नोंद कशी करावी

ठाणे, मुंब्रा, पनवेल या पट्ट्यातल्या चाळिशी ओलांडलेल्या माणसासमोर ‘राष्ट्रीय महामार्ग ४’ असे म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे पुण्याचा रस्ता उभा राहतो. अधिकृत यादीत मात्र या क्रमांकाचा महामार्ग आता अंदमानात आहे. आपल्याकडच्या गावांच्या, नाक्यांच्या आणि पुलांच्या लेखांत जुन्या सवयीने ‘रा. म. ४’ असा उल्लेख केलेला असतो, आणि त्याला कोणी सरळ दुवा जोडला की कळंबोलीविषयी वाचणारा विद्यार्थी थेट मायाबंदरच्या रस्त्यावर जाऊन पोचतो. सुरुवातीच्या काळात मीही असा एक दुवा जोडला होता. कित्येक महिने तो तसाच राहिला आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. शेवटी एका अनोळखी सदस्याने चर्चा पानावर अतिशय सभ्य शब्दांत ती चूक दाखवून दिली. जुन्या महामार्गांविषयी लिहिताना कोणती काळजी घ्यायची याचा विचार मी तेव्हापासून गंभीरपणे करू लागलो. त्यातून जी पद्धत हाती आली, ती नव्या संपादकांसाठी येथे मांडत आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तेथे कोणीही लिहू शकतो, मात्र लिहिलेली प्रत्येक गोष्ट वाचणाऱ्याला दुसऱ्या एखाद्या प्रकाशित स्रोतात पडताळून पाहता आली पाहिजे. रस्त्यांच्या बाबतीत ही अट वाटते तितकी सोपी नाही. रोज ज्या रस्त्याने आपण जातो, त्याच्याविषयी आपल्याला सर्व काही ठाऊक आहे अशी आपली खात्री असते, आणि स्वतःला ठाऊक असलेल्या गोष्टीला संदर्भ शोधायचे कोणाच्या मनातही येत नाही. उदाहरणादाखल मी मुख्यतः ठाणे ते पनवेल हा रस्ता घेतला आहे, कारण जुन्या महामार्गाबाबत होण्याजोगा जवळजवळ प्रत्येक गोंधळ या एका रस्त्यावर सापडतो.

क्रमांक बदलला, आखणी बदलली की दर्जा गेला?

‘जुना महामार्ग’ हा शब्द बोलताना चालतो, विश्वकोशात तो अपुरा पडतो. एखादा महामार्ग ‘जुना’ झाला असे आपण म्हणतो, तेव्हा तीनपैकी एक गोष्ट घडलेली असते: रस्ता तोच राहून त्याचा क्रमांक बदललेला असतो, किंवा क्रमांक तोच राहून रस्त्याची आखणी दुसरीकडून गेलेली असते, किंवा त्या रस्त्याचा राष्ट्रीय महामार्ग हा दर्जाच काढून घेतलेला असतो. या तीन घटनांच्या तारखा वेगळ्या असतात आणि त्यांचे स्रोतही वेगळे असतात. एकच वाक्य तिन्हींविषयी बोलू लागले की ते हमखास चुकते. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी आपण नेमके कशाविषयी लिहीत आहोत हे कागदावर मांडून घ्यावे.

क्रमांकांची गोष्ट त्यातल्या त्यात सोपी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने ५ मार्च २०१० च्या अधिसूचनेने राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्याने लावले. नव्या पद्धतीत उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य महामार्गांना सम क्रमांक आहेत आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम क्रमांक आहेत आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. तीन अंकी क्रमांकातले शेवटचे दोन अंक मूळ महामार्गाचे असतात, म्हणून ३४८ ही ४८ ची शाखा ठरते. हा नियम एकदा नीट समजला की ४ हा अंक अगदी पूर्वेच्या अंदमानात का गेला, ८ त्रिपुराच्या बाजूला का गेला, ३ पंजाबातून मनालीमार्गे लेहकडे का निघाला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या आपल्या कोकणातल्या रस्त्याला ६६ हा मोठा क्रमांक का मिळाला, हे कोणी न सांगताही कळते. आपल्या भागापुरते सांगायचे तर पनवेलहून गोव्याकडे जाणारा पूर्वीचा १७ आता ६६ आहे आणि कल्याणहून मुरबाड, माळशेज घाटाकडे जाणारा पूर्वीचा २२२ आता ६१ आहे.

तरीही ‘जुना अमुक म्हणजे नवा तमुक’ असे समीकरण मांडून मोकळे होण्याचा मोह टाळावा. आजच्या ४८ मध्ये पूर्वीच्या ८ चा दिल्ली ते मुंबई रस्ता आणि पूर्वीच्या ४ चा पुणे, बंगळूरवरून चेन्नईकडे जाणारा रस्ता असे दोन्ही आले आहेत, त्यामुळे ४ म्हणजे ४८ हे विधान उलटे वाचले की खोटे ठरते. पूर्वीच्या ३ चे, म्हणजे आग्रा रोडचे, तर तुकडे झाले: आग्रा ते ग्वाल्हेर ४४ मध्ये गेला, तिथून पुढे शिवपुरीकडचा भाग ४६ मध्ये, इंदूर ते धुळे ५२ मध्ये आणि धुळे ते नाशिक ६० मध्ये. म्हणून लेखात नेहमी तुकडा धरून लिहावे. कोणत्या गावापासून कोणत्या गावापर्यंतच्या भागाला कोणता क्रमांक मिळाला, हे अधिसूचनेच्या तक्त्यात पाहावे आणि तेवढेच लिहावे.

आखणीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, आणि ठाण्यात तो पदोपदी भेटतो. शीवपासून कुर्ला, घाटकोपर, मुलुंड करत ठाण्याकडे येणारा लाल बहादूर शास्त्री मार्ग म्हणजे पूर्वीचा आग्रा रोड. नंतर पूर्व द्रुतगती महामार्ग झाला आणि लांबच्या वाहतुकीने ती वाट धरली. ठाण्याच्या पलीकडे जुना रस्ता कशेळीवरून भिवंडी शहरात शिरतो, तर आताची वाहतूक माजिवड्याहून खारेगाव, माणकोली, रांजणोली असा वळसा घेऊन शहराबाहेरून जाते. मुंब्र्यातही हेच झाले: गावातला रस्ता खाली राहिला आणि वळण रस्ता डोंगराच्या अंगाने वर गेला. या तिन्ही ठिकाणी ‘महामार्ग’ या शब्दाने कोणत्या काळी कोणती वाट समजायची, हे वाक्यात स्पष्ट आले नाही तर वाचणारा आजच्या नकाशात पाहून हमखास चुकीचा रस्ता डोळ्यांपुढे आणतो.

त्याहून मोठा बदल खाडीवरच्या पुलाने झाला. वाशीचा पहिला पूल १९७३ मध्ये वाहतुकीला खुला होण्यापूर्वी मुंबईहून मोटारीने पुण्याला जायचे तर ठाण्याला येऊन, कळवा, मुंब्रा, शिळफाटा करत पनवेल गाठावे लागे. आज नवी मुंबईत वाढलेल्या मुलांना हा वळसा सांगितला तर खरा वाटत नाही. राष्ट्रीय महामार्ग ४ मुंबईऐवजी ठाण्याजवळ का सुरू होत होता, याचे उत्तर याच वळशात आहे, आणि मला विचाराल तर या विषयावरच्या लेखातली वाचकाला सर्वांत जास्त उपयोगी पडणारी माहिती हीच आहे.

दर्जाविषयी एवढेच लक्षात ठेवावे की राष्ट्रीय महामार्ग हे कायद्याने ठरतात. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ हा १५ एप्रिल १९५७ पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत महामार्गांची यादी आहे. कलम २ नुसार केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून त्या यादीत भर घालू शकते आणि यादीतला महामार्ग वगळूही शकते. एखादा रस्ता बांधकाम खात्याकडे किंवा महापालिकेकडे हस्तांतरित झाल्याची बातमी म्हणजे तो वगळल्याची अधिसूचना नव्हे. देखभाल एकाकडे आणि दर्जा दुसऱ्याच्या यादीत, असे असू शकते. ‘अमुक साली महामार्ग रद्द झाला’ असे लिहायचे असेल तर राजपत्रच हवे.

स्रोत कुठे शोधावेत

राजपत्राचे जुने अंक भारत सरकारच्या ई-राजपत्र संकेतस्थळावर मिळतात. शोधताना महामार्गाचा क्रमांक टाकण्यापेक्षा मंत्रालयाचे नाव आणि तारखेचा पट्टा टाकून पाहणे बरे, कारण छायाप्रतींतला मजकूर शोधयंत्राला वाचता येतोच असे नाही. सापडलेल्या अधिसूचनेचा भाग, विभाग, क्रमांक, दिनांक आणि पृष्ठ ही पाचही माहिती तेव्हाच टिपून घ्यावी. पुन्हा शोधायला गेलो की तीच फाइल सापडत नाही, हा अनुभव बहुतेकांना येतो.

एकोणिसाव्या शतकातल्या रस्त्यांसाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरला, म्हणजे ब्रिटिश काळातल्या जिल्हावार माहितीग्रंथाला, पर्याय नाही. ठाणे जिल्ह्यावरचा तेरावा खंड दोन भागांत आणि स्थळांचे वर्णन करणारा चौदावा खंड, असे सर्व १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. रस्ते, घाट, टोलनाके, पूल आणि तरी (नावेने पलीकडे जाण्याच्या जागा) यांची माहिती त्यात व्यापाराच्या प्रकरणात दिलेली असते, हे माहीत नसल्यामुळे अनेक जण इतिहासाच्या प्रकरणात शोधून परत जातात. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे: पनवेल आज रायगड जिल्ह्यात असल्यामुळे लोक कुलाबा जिल्ह्याचा खंड उघडतात, पण १८८२ मध्ये पनवेल आणि कर्जत हे दोन्ही ठाणे जिल्ह्याचेच तालुके होते. बोरघाटाचा गाडीरस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला झाला. पनवेलहून घाटाकडे जाणाऱ्या त्या रस्त्याचा मागोवा घ्यायचा तर ठाण्याचाच खंड हाती घ्यावा. जिल्ह्यांच्या सीमांची हीच अडचण उत्तरेकडेही आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यामुळे त्यापूर्वीच्या प्रत्येक पुस्तकात वसई, मनोर, तलासरीकडचा रस्ता ठाणे जिल्ह्याखालीच सापडेल.

छापील प्रती पाहायच्या असतील तर ठाण्यातल्यांना फार लांब जावे लागत नाही. १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्या गावात आहे. संगणकावर शोधताना मात्र जुनी रोमन स्पेलिंगे माहीत असायला हवीत: ठाण्याचे नाव शेवटी ‘ई’ऐवजी ‘ए’ घालून लिहिलेले असते, वसई ‘बॅसीन’ म्हणून येते, साष्टी ‘सालसेट’ म्हणून येते, आणि भिवंडीच्या स्पेलिंगमधला मधला ‘ए’ गॅझेटिअरने चक्क गाळलेला आहे. आजचे स्पेलिंग टाकून शोधले तर पुस्तकात काही नाही असे वाटते आणि आपण निराश होऊन ते बंद करतो.

नकाशे हा आखणीसाठी सर्वांत उपयोगी स्रोत आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे आहेतच; त्यांशिवाय अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात एकास अडीच लाख या प्रमाणात भारताचे जे नकाशे छापले, ते टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांसाठी आंतरजालावर ठेवले आहेत. नकाशा वापरताना दोन बंधने पाळावीत. पहिले म्हणजे नकाशावर छापलेले प्रकाशनाचे वर्ष आणि प्रत्यक्ष मोजणीचे वर्ष वेगळे असते. समासातली बारीक अक्षरातली टीप वाचून मोजणीचे वर्ष संदर्भात नोंदवावे. दुसरे म्हणजे नकाशात जे दिसते तेवढेच लिहावे. ‘या नकाशात ठाण्याहून पनवेलकडे जाणारा रस्ता मुंब्रा व शिळ या गावांवरून दाखवला आहे’ हे वर्णन झाले. ‘म्हणून तेव्हा सर्व वाहतूक याच रस्त्याने होत असे’ हा आपण काढलेला निष्कर्ष झाला, आणि विकिपीडियावर तो ‘मूळ संशोधन’ (संपादकाचा स्वतःचा, कुठेही प्रकाशित नसलेला निष्कर्ष) म्हणून वगळला जाईल. तो वगळला जाणे योग्यच आहे.

पूल आणि वळण रस्ते कधी खुले झाले यासाठी त्या काळची वृत्तपत्रे पाहावीत. भूमिपूजन, औपचारिक उद्घाटन आणि प्रत्यक्ष वाहतूक सुरू होणे या तीन तारखांत कधीकधी वर्षाचे अंतर असते, आणि नंतरच्या बातम्यांत यांपैकी कोणती तरी एक तारीख ‘पूल झाला’ म्हणून दिलेली असते. दोन विश्वासार्ह स्रोतांत वर्षे वेगळी आढळली तर आपल्या मर्जीने एक निवडू नये. कोणता स्रोत कोणते वर्ष देतो ते दोन्ही लिहावे आणि तारीख कशाची आहे हे कळत असेल तर तेही नमूद करावे.

प्रवासाच्या अनुभवकथा, मालमत्ता विक्रीच्या जाहिराती आणि कोणी लिहिले हे सांगत नसलेली संकेतस्थळे संदर्भ म्हणून घेऊ नयेत. मला यातला सर्वांत त्रासदायक प्रकार वाटतो तो फिरून येणाऱ्या संदर्भाचा. एका लेखात मी एका जुन्या टोलनाक्याविषयीचे विनासंदर्भ वाक्य पाहिले आणि त्याला आधार शोधू लागलो. एका संकेतस्थळावर ते तंतोतंत सापडले, म्हणून आनंदाने तो संदर्भ जोडला. नंतर लेखाचा इतिहास उघडून पाहिला तेव्हा लक्षात आले की ते वाक्य लेखात आधी आले होते आणि त्या संकेतस्थळाचे पान त्यानंतर बऱ्याच काळाने तयार झाले होते. म्हणजे त्यांनी आमचाच मजकूर उचलला होता आणि मी आमच्याच मजकुराला आमचाच आधार देत होतो. तो संदर्भ मी काढला आणि आधार न सापडल्यामुळे ते वाक्यही काढले. तेव्हापासून शब्दाला शब्द जुळणारा स्रोत दिसला की मी आधी ‘इतिहास’ या टॅबवर जाऊन तारखा पाहतो.

एक वाक्य तयार करून पाहू

समजा लेखात असे वाक्य आहे: ‘पूर्वी ठाण्याहून पनवेलमार्गे पुण्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४ हा अतिशय महत्त्वाचा व वर्दळीचा रस्ता होता.’ यात ‘पूर्वी’ म्हणजे केव्हा हे कळत नाही, ‘महत्त्वाचा’ हे कोणाचे मत आहे हे कळत नाही आणि पनवेलला आधार नाही. आता अधिनियमाची अनुसूची उघडू. तिथे राष्ट्रीय महामार्ग ४ ची नोंद अशा आशयाची आहे की हा महामार्ग ठाण्याजवळ राष्ट्रीय महामार्ग ३ शी होणाऱ्या जोडापासून सुरू होतो आणि पुणे, बेळगाव, हुबळी, बंगळूर, राणीपेट व मद्रास यांना जोडतो. तेवढ्यावरून पहिले वाक्य असे लिहिता येते: ‘राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या अनुसूचीनुसार राष्ट्रीय महामार्ग ४ ठाण्याजवळ राष्ट्रीय महामार्ग ३ पासून सुरू होऊन पुणे, बेळगाव, हुबळी, बंगळूर व राणीपेटवरून मद्रासपर्यंत जात असे.’ पूर्णविरामानंतर लगेच संदर्भ, आणि संदर्भात कलम व अनुसूचीतील नोंद क्रमांक.

यात पनवेल नाही, कारण त्या नोंदीत पनवेलचे नावच नाही. आपल्याला ठाऊक आहे म्हणून ते आत सरकवले तर संदर्भ असत्य ठरतो. संदर्भ आहे, पण तो त्या शब्दाचा नाही, ही चूक विनासंदर्भ वाक्यापेक्षाही वाईट, कारण ती उघडून पाहिल्याशिवाय दिसत नाही. पनवेलचा आधार मात्र त्याच अनुसूचीत, थोडा खाली मिळतो. राष्ट्रीय महामार्ग १७ ची नोंद पनवेलजवळ राष्ट्रीय महामार्ग ४ शी होणाऱ्या जोडापासून सुरू होते. म्हणून दुसरे वाक्य: ‘राष्ट्रीय महामार्ग १७ पनवेलजवळ या महामार्गापासून सुरू होत असे.’ मुंब्रा आणि शिळफाटा यांच्यासाठी तिसरे वाक्य, आणि त्याला नकाशाचा संदर्भ. नव्या क्रमांकासाठी चौथे वाक्य, आणि त्याला २०१० च्या अधिसूचनेचा संदर्भ. ‘अतिशय महत्त्वाचा’ हे शब्द गाळून टाकावेत. महत्त्व दाखवायचे असेल तर त्या काळातली वाहनांची मोजणी देणारा बांधकाम खात्याचा अहवाल किंवा अभ्यासकाचे पुस्तक शोधावे. ते मिळेपर्यंत चार कोरडी वाक्येच राहू द्यावीत. त्यातल्या प्रत्येकावर वाचकाला बोट ठेवून मूळ कागद पाहता येतो.

दगड, फोटो आणि ऐकीव माहिती

शिळफाट्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला, एका पंक्चरवाल्याच्या टपरीमागे मला एक किलोमीटरचा दगड अर्धा गाडलेल्या अवस्थेत दिसला. माथ्याचा पिवळा रंग पोपडे धरून निघाला होता, खालच्या पांढऱ्या भागावर ‘पनवेल’ एवढे वाचता येत होते आणि अंतराचा आकडा डांबराखाली गेला होता. बाजूला ४ चा वरचा त्रिकोण तेवढा उरला होता. पिवळा माथा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग. त्यामुळे दगड कशाचा हे कळत होते. टपरीवरच्या काकांना विचारले तर ते म्हणाले, “अहो, हा रस्ता मोठा झाला तेव्हा दगड इथं आणून टाकला, आधी तो त्या वळणावर होता.” किती साली, हे त्यांना आठवत नव्हते.

या दगडाचे लेखात काय करायचे, तर फोटो घ्यायचा. समोरून एक, अक्षरे दिसतील असा जवळून एक, आणि आजूबाजूचा रस्ता ओळखता येईल असा लांबून एक. फोटो आपण स्वतः काढलेला असेल तर तो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रसंग्रहावर, मुक्त परवान्याखाली चढवता येतो. वर्णनात ठिकाण, फोटोची तारीख आणि दगडावर जे वाचता येते ते लिहावे. वृत्तपत्रातला किंवा कोणाच्या फेसबुकवरचा जुना फोटो उचलून चढवू नये, तो कितीही दुर्मीळ वाटला तरी. दगड कोणत्या साली बसवला, तो मूळ जागी आहे की नाही, यांपैकी काहीही त्या फोटोवरून लेखात लिहिता येत नाही. काकांचे सांगणे माझ्या दृष्टीने मोलाचे होते, पण ते लेखात येऊ शकत नाही. त्याचा उपयोग दिशा म्हणून होतो: रस्ता रुंद केव्हा झाला हे शोधण्यासाठी कोणत्या गावाच्या नावाने जुन्या बातम्या चाळायच्या, हे त्यांच्यामुळे कळले. जुने ड्रायव्हर, एसटीतून निवृत्त झालेली माणसे, नाक्यावरचे दुकानदार यांच्याशी अवश्य बोलावे, वहीत लिहून ठेवावे आणि मग कागद शोधायला जावे.

लेखात भर कशी घालावी

नवा लेख सुरू करण्यापूर्वी त्या रस्त्यावर आधीचा लेख आहे का ते जुन्या आणि नव्या अशा दोन्ही क्रमांकांनी शोधावे. जुन्या वाटेचा एखादा तुकडा, उदाहरणार्थ कशेळीचा किंवा मुंब्रा गावातला, यावर स्वतंत्र लेख करण्याची घाई करू नये. महामार्गाच्या मुख्य लेखात ‘पूर्वीची आखणी’ असा विभाग करून तिथे दोन परिच्छेद लिहिणे बहुतेक वेळा पुरेसे होते. स्वतंत्र लेख करायचाच असेल तर शीर्षकात क्रमांकापुढे कंसात ‘जुने क्रमांकन’ असे घालावे, म्हणजे अंदमानचा ४ आणि आपला ४ एकमेकांत मिसळत नाहीत. शिवाय निःसंदिग्धीकरण पानावर (सारख्या नावांचे लेख वेगळे दाखवणाऱ्या पानावर) दोन्हींच्या नोंदी आहेत ना, हे पाहावे आणि आधीच्या लेखांतून नव्या क्रमांकाकडे चुकून गेलेले दुवे ‘येथे काय जोडले आहे’ या साधनाने शोधून दुरुस्त करावेत. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण वाचकाच्या दृष्टीने नव्या परिच्छेदापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

पहिला मसुदा धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठीच्या पानावर, लिहावा. इंग्रजी लेखावरून भाषांतर करत असाल तर तिथले संदर्भ जसेच्या तसे उचलू नयेत. प्रत्येक दुवा उघडून त्या पानावर ते वाक्य खरोखर आहे का ते पाहावे, आणि भाषांतर असल्याचे ‘बदलांचा आढावा’ या चौकटीत नमूद करावे. संदर्भ देण्यासाठी ‘स्रोत पुस्तक’ किंवा ‘संकेतस्थळ स्रोत’ यांसारखा साचा (ठरलेल्या रकान्यांचा तयार नमुना) वापरावा आणि पृष्ठ क्रमांक कधीही रिकामा सोडू नये. शेकडो पानांच्या गॅझेटिअरचा पृष्ठाविना संदर्भ म्हणजे वाचकाला पुस्तकांच्या गोदामात सोडून दिल्यासारखे आहे. सरकारी संकेतस्थळांची पाने वारंवार हलतात, म्हणून दुवा देतानाच इंटरनेट अर्काइव्हवर त्या पानाची प्रत जतन करून तिचा पत्ता संदर्भात घालावा.

काळाचे भान क्रियापदात राखावे. जो क्रमांक आज नाही, त्याविषयी ‘जातो’, ‘जोडतो’ असे लिहू नये. माहितीचौकटीत जुन्या महामार्गाची लांबी दिली तर ती कोणत्या वर्षीची हे लिहावे, आणि निरनिराळ्या तुकड्यांच्या लांब्या स्वतः बेरीज करून भरू नयेत. गावांची नावे हा नेहमीचा वादाचा विषय आहे. मूळ नोंदीत मद्रास असेल तर त्या वाक्यात मद्रास लिहून दुवा चेन्नईच्या लेखाकडे द्यावा. कुलाबा आणि रायगड यांच्याबाबतही तसेच करावे: १ जानेवारी १९८१ पूर्वीच्या घटनेत कुलाबा जिल्हा, पुढे रायगड.

बदल जतन केल्यावर लेख आपल्या पहाऱ्याच्या सूचीत (ज्यांतले बदल आपल्याला दिसत राहतात अशा लेखांच्या यादीत) घालावा. कोणी आपले वाक्य उलटवले तर ते लगेच पुन्हा आत न घालता चर्चा पानावर जाऊन, ‘आपण हे का काढले हे कृपया सांगाल का, माझ्याकडे अमुक पृष्ठाचा आधार आहे’ असे विचारावे. आणि शोधूनही जे मिळाले नाही, त्याचीही नोंद त्याच चर्चा पानावर ठेवावी: कोणत्या वर्षांची राजपत्रे पाहिली, गॅझेटिअरचे कोणते प्रकरण वाचले, कोणत्या नकाशाची मोजणी कोणत्या सालची निघाली. पुढे कळव्याचा किंवा कामोठ्याचा एखादा नवा संपादक त्याच रस्त्याविषयी लिहायला बसेल, तेव्हा त्याला तीच पाने पुन्हा उलटावी लागणार नाहीत. तो पुढच्या वर्षाच्या राजपत्रापासून सुरुवात करू शकेल.